चिमटीतली चरबी किती खरी?

लग्नसराई जवळ आली, डॉक्टरांनी रक्तदाब वाढल्याचे सांगितले किंवा मागच्या वर्षीचा ब्लाऊज दंडात बसेनासा झाला, की घरोघरी वजन कमी करण्याची मोहीम सुरू होते. व्यायामशाळेत नाव नोंदवायला गेलेल्या गृहिणीच्या दंडाची चामडी तिथला प्रशिक्षक चिमट्यासारख्या उपकरणात धरतो, कागदावर आकडेमोड करतो आणि सांगतो, ''तुमच्या शरीरात ३४ टक्के चरबी आहे.'' बिचारी घाबरून घरी येते. तिचा सडपातळ नवरा मात्र निर्धास्त असतो, कारण वजनाचा काटा त्याच्या बाबतीत कधीच पुढे सरकत नाही. वास्तविक तिने इतके घाबरायचे कारण नाही आणि त्याने इतके निश्चिंत राहणेही बरे नाही.

वजनाचा काटा फक्त एकूण भार सांगतो. त्यात हाडे किती, स्नायू किती, पाणी किती आणि चरबी किती, हे त्याला कळत नाही. रोज ओझी वाहणारा हमाल आणि दिवसभर खुर्चीत बसणारा कारकून या दोघांचेही वजन ७० किलो असू शकते, पण दोघांची शरीरे सारखी नसतात. हा फरक ओळखण्यासाठी चरबीचे प्रमाण मोजावे लागते आणि त्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे हा चिमटा, म्हणजेच स्किनफोल्ड कॅलिपर.

चिमटा काम कसे करतो?

आपल्या शरीरातील चरबीचा बराच मोठा भाग त्वचेच्या लगेच खाली साठलेला असतो. अंगठा आणि तर्जनीने चामडी उचलली की त्वचेचा दुहेरी थर आणि त्यामधली चरबी चिमटीत येते, स्नायू खालीच राहतात. या वळीची जाडी कॅलिपर मिलिमीटरमध्ये दाखवतो. चांगल्या कॅलिपरची स्प्रिंग अशी बसवलेली असते, की वळी जाड असो वा पातळ, तिच्यावर दर चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम इतकाच दाब पडतो. साध्या प्लॅस्टिकच्या चिमट्यात हा दाब मोजणाऱ्याच्या बोटांवर अवलंबून राहतो.

सर्वसाधारणपणे चार ठिकाणी माप घेतात: दंडाच्या पुढे, दंडाच्या मागे, पाठीवर खवाट्याच्या खालच्या टोकाशी आणि कमरेच्या हाडाच्या जरा वर. या चार मापांची बेरीज कोष्टकात पाहून टक्केवारी काढली जाते.

हे कोष्टक आले कुठून? ग्लासगो येथील डर्निन आणि वोमर्सली या संशोधकांनी १६ ते ७२ वर्षे वयाच्या ४८१ स्त्री-पुरुषांच्या वळ्या मोजल्या आणि त्यांचे पाण्याखालीही वजन केले. चरबी पाण्यापेक्षा हलकी आणि स्नायू-हाडे जड, त्यामुळे पाण्याखालच्या वजनावरून शरीराची घनता आणि घनतेवरून चरबी काढता येते. वळ्यांची जाडी आणि घनता यांचा मेळ घालून त्यांनी १९७४ साली आपली सूत्रे प्रसिद्ध केली. म्हणजे चिमटा चरबी तोलत नाही. तुमच्याएवढीच बेरीज असलेल्या, तुमच्या वयाच्या त्या लोकांमध्ये सरासरी किती चरबी आढळली, एवढेच तो सांगतो.

बेरीज एक, उत्तरे तीन

समजा, चार वळ्यांची बेरीज ६० मिलिमीटर आली. या सूत्राप्रमाणे पस्तिशीतल्या पुरुषाची चरबी साधारण २३.५ टक्के, पस्तिशीतल्या स्त्रीची ३०.६ टक्के आणि पंचावन्न वर्षांच्या स्त्रीची ३५.७ टक्के निघते. वय वाढते तशी चरबी शरीराच्या आतल्या भागातही साठू लागते, हे सूत्रात धरलेले असते. शिवाय स्त्रीचे शरीर निसर्गतःच पुरुषापेक्षा जास्त चरबी बाळगते. ती फार कमी झाली तर पाळीच अनियमित होते. तेव्हा नवऱ्याचा आणि आपला आकडा शेजारी ठेवून खंतावण्यात अर्थ नाही.

आता मोजण्यातली गफलत पाहा. त्याच पस्तिशीतल्या स्त्रीच्या चारही वळ्या नवख्या हाताने चार-चार मिलिमीटर जाड मोजल्या, तर ३०.६ टक्क्यांचे ३३.७ टक्के होतात. तिच्या अंगावर एक तोळाही चरबी वाढलेली नसते! जागा बोटभर चुकली, बरोबर स्नायूही चिमटीत आला, व्यायामानंतर घाम आलेला असताना माप घेतले, तरी आकडा बदलतो. माप अगदी काळजीपूर्वक घेतले तरी तीन-चार टक्क्यांचा फरक धरूनच चालावे लागते.

बारीक पण चरबीयुक्त

आता त्या सडपातळ नवऱ्याकडे वळू. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. एक पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक, म्हणजे बी.एम.आय., दोघांचाही अगदी सारखा, २२.३ होता. परंतु विशिष्ट क्ष-किरण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के!

ही गोष्ट जन्मापासूनच सुरू होते, असे याच पुणेकर संशोधकांना आढळले. पुण्याजवळच्या सहा गावांतील नवजात बाळांची मापे त्यांनी १९९० च्या दशकात घेतली आणि इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांशी ती ताडून पाहिली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू फारच कमी होते, परंतु कॅलिपरने मोजलेली पाठीवरची वळी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने 'बारीक पण चरबीयुक्त' भारतीय बाळाची ओळख जगाला करून दिली. मधुमेह आपल्याकडे इतक्या लवकर आणि फारशा जाड नसलेल्या माणसांनाही का होतो, याचे एक कारण इथे दडलेले आहे.

अर्थात, परदेशी शरीरांवर बेतलेले कोष्टक आपल्याला जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही. शिवाय पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठलेली चरबी कोणत्याच चिमट्यात सापडत नाही आणि आरोग्याला जास्त धोका तिचाच असतो.

मग करायचे काय?

चिमटा टाकाऊ नाही, फक्त त्याचा योग्य उपयोग करायला हवा. टक्केवारी बाजूला ठेवा आणि चार वळ्यांची मिलिमीटरमधली बेरीज वहीत तारखेसह लिहून ठेवा. दर सहा-आठ आठवड्यांनी त्याच व्यक्तीकडून, त्याच चिमट्याने, शरीराच्या त्याच बाजूला, शक्यतो सकाळी व्यायामापूर्वी माप घ्या. प्रत्येक जागी दोन-तीनदा मोजून सरासरी काढा. वजन तेवढेच राहून बेरीज कमी होत असेल, तर चरबी घटून स्नायू वाढत आहेत असे समजा. काटा हलला नाही म्हणून हताश होऊन व्यायाम सोडणाऱ्या कितीतरी जणींना ही वही धीर देईल.

पोटातल्या चरबीचा अंदाज घेण्यासाठी शिवणाच्या डब्यातला टेप पुरतो. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी ठरवलेल्या मर्यादेप्रमाणे कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत असावा. बी.एम.आय.ही आपल्यासाठी २३ च्या आत असलेला बरा. हातपाय बारीक, पण पोट पुढे आलेले असेल आणि आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल, तर ''मी कुठे जाड आहे?'' असे म्हणत न बसता रक्तातली साखर तपासून घ्या.

आणि एखाद्या ठिकाणी चिमटा लावून, टक्केवारी सांगून लगेच हजारो रुपयांची योजना गळ्यात मारू लागले, तर आधी शांतपणे तीन प्रश्न विचारा: माप किती ठिकाणी घेतले? सूत्र कोणते वापरले? दोन महिन्यांनी माप हीच व्यक्ती घेणार आहे का? उत्तरे समाधानकारक मिळाली नाहीत, तर पैसे पर्समध्येच ठेवा आणि संध्याकाळी नवऱ्यालाही बरोबर घेऊन झपझप चालायला निघा. त्या चालण्याची गरज तुमच्याइतकीच त्यालाही आहे.