पाटीवरची सनद आणि पक्षकाराची अडचण

पनवेलच्या न्यायालयाभोवतीच्या पाट्या वाचीत जाणाऱ्या पक्षकारास एकच गोष्ट निश्चितपणे कळते. ती म्हणजे आत बसलेली व्यक्ती वकील आहे. नावाआधी 'ॲड.', नावापुढे 'बी.ए., एल्एल.बी.'. भूसंपादनाचा वाढीव मोबदला, साडेबारा टक्के योजनेतील भूखंड, वारसनोंद यांपैकी कशाचा अनुभव तिच्या गाठी आहे, हे पाटी सांगत नाही. तिला सांगताही येत नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखालील भारतीय वकील परिषदेचा छत्तिसावा नियम जाहिरातीस बंदी करतो, पाटीचा आकार माफक असावा असे म्हणतो आणि विशिष्ट कामातील प्रावीण्याचा उल्लेख तिच्यावर करण्यास मनाई करतो.

पूर्वी प्लीडर, मुखत्यार, बॅरिस्टर, ॲटर्नी अशी उतरंड होती. उपाधीवरून निदान पायरी कळे; अंतुल्यांच्या नावाआधीचे 'बॅ.' रायगडात कोणास ठाऊक नव्हते? १९६१ च्या कायद्याने अधिवक्ता हा एकच वर्ग मानला, आणि मुंबईच्या ॲटर्नींचे वेगळेपण १९७६ च्या दुरुस्तीने संपले. समतेच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु सर्वांस सारखी असलेली उपाधी गुणवत्तेविषयी काहीच सांगत नाही, आणि तिची हौस मात्र वाढत गेली. वास्तविक 'ॲड.' ही पदवी नव्हे, तो व्यवसायाचा परवाना आहे. न्यायालयाबाहेर, समारंभ वगळता, गाऊन व बँड घालू नयेत असा नियम आहे. लग्नपत्रिकेवरील, मोटारीच्या काचेवरील आणि निवडणुकीच्या फलकावरील 'ॲड.' ला असा अटकाव नाही. (दि. बा. पाटील वकील होते; १९८४ च्या आंदोलनात त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांना 'दि. बा.' एवढी अक्षरे पुरेशी वाटली.)

विक्रेत्यास मालाचा कस ठाऊक आणि ग्राहकास नाही, अशा बाजारात चांगला मालही मार खातो, हे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. वकिलीत तर काम झाल्यावरही कस कळतोच असे नाही. मग पक्षकार कचेरीचा थाट पाहतो, किंवा मध्यस्थाचा शब्द प्रमाण मानतो. प्रावीण्याची प्रामाणिक माहिती निषिद्ध ठरली की दलालाची माहिती महाग होते; आणि दलालीविरुद्ध २०२३ साली अधिवक्ता कायद्यात दुरुस्ती करावी लागते!

अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली वकिलांच्या जाहिरातीवरील सरसकट बंदी मोडली. तेवढी मोकळीक येथे नको. धनाढ्य संस्थांच्या फलकांपुढे तालुक्याचा होतकरू वकील झाकोळून जाईल, ही भीती अनाठायी नाही. पण २००८ पासून वकिलास स्वतःच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक, तारीख, पदव्या आणि कामाची क्षेत्रे, खरेपणाच्या हमीसह, देता येतात. जमीन गमावलेला वृद्ध खातेदार संकेतस्थळ चाळून वकील निवडील काय? तो पाटीच वाचतो. संकेतस्थळास दिलेली मुभा त्याच अटींवर पाटीस देण्यास नियमातील एका वाक्याची दुरुस्ती पुरेशी आहे.