यंत्र आणि आपण : फवारणीच्या ट्रॅक्टरचा खरा वेग

द्राक्षबागेत ब्लोअर ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा वेग किती, असे विचारले तर बहुतेक शेतकरी बंधू गिअर सांगतात. गिअर म्हणजे वेग नव्हे. पंपातून मिनिटाला पडणारे औषध तेवढेच राहते. ट्रॅक्टर ताशी ५ ऐवजी ४ किलोमीटरने चालला, की एकरी सव्वापट औषध पडते. खर्च वाढतो तो वेगळा, आणि मालावर औषधाचा अंश राहण्याची धास्ती वेगळी.

इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्यावर जाऊ नये. भुसभुशीत रानात मागचे चाक फिरते जास्त आणि सरकते कमी. म्हणून मोजावे ते पुढचे चाक. चारही चाकांना जोर असलेला छोटा ट्रॅक्टर असेल, तर ओढल्या जाणाऱ्या ब्लोअरचे चाक धरावे.

आता सेन्सर. भंगार बाजारात मोटारींचे एबीएसचे सेन्सर दिसतात आणि घरातल्या तरुण मंडळींचा जीव त्यांच्यावर जातो. त्यांतला नुसत्या कॉइलचा जुना प्रकार आपल्या उपयोगाचा नाही. चाक सावकाश फिरले की त्याचा सिग्नल इतका क्षीण होतो की मीटरला कळतच नाही, आणि आपली चाल तर बैलाच्या चालीची! शिवाय त्याला समोर दात्यांची रिंग लागते, ती कुठून आणणार?

कारखान्यांत वापरतात तो प्रॉक्झिमिटी सेन्सर टिकाऊ. तो १२ व्होल्टवर चालतो, समोरून लोखंडी बोल्ट गेला की सिग्नल देतो आणि चिखलाला दाद देत नाही. तपकिरी वायर धन, निळी ऋण, काळी सिग्नलची. फ्यूज मात्र हवाच. बोल्टापासून अंतर दोन-तीन मिलिमीटरच ठेवावे लागते, म्हणून पट्टी जाड घ्यावी. मीटर निराळे घ्यावे लागते.

सगळ्यांत स्वस्त म्हणजे सायकलचे वायरवाले डिजिटल मीटर. चुंबक चाकावर पक्के चिकटवावे, सेन्सर समोर बसवावा. वायर अपुरी पडते, ती झाळून वाढवावी. चाकाचा एक फेरा साधारण दोन सेकंदांचा असल्याने आकडा संथ बदलतो, पण काम भागते.

टायरवर खडूची खूण करून, टाकी भरलेली असताना रानातच दहा फेरे सरळ चालवावे. अंतर टेपने मोजून दहाने भागावे व तो आकडा मिलिमीटरमध्ये मीटरला द्यावा. मग १०० मीटर जाण्यास किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहावे आणि ३६० ला त्याने भागावे. ९० सेकंद लागले तर ताशी ४ किलोमीटर. मीटर वेगळे दाखवत असेल तर परिघाचा आकडा थोडा कमी-जास्त करावा. टायर बदलला किंवा हवा कमी-जास्त केली, की पुन्हा मोजावे.