सावकाराच्या वहीतला घातांक

‘ऊसतोड मजुराच्या पोराला घातांक अन् वर्गमूळ कशाला हवे?’ असा सवाल चकलांब्यासारख्या गावात चांगली शहाणीसुरती माणसेही करतात. बेरीज-वजाबाकी आली, सही करता आली की झाले, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला हा सवाल साधा वाटत नाही. आमच्या माणसाने हिशेब मांडूच नये, ही जुनी व्यवस्था त्यामागे उभी आहे.

हिशेबच करून पाहू. दहा हजार रुपये शेकडा ५ रुपये महिन्याने घेतले. व्याज मुद्दलात न मिळवता तीन वर्षांचे देणे होते २८ हजार. दरमहा व्याज मुद्दलात मिळवत गेले, तर मुद्दलाला १.०५ ने ३६ वेळा गुणावे लागते. म्हणजेच १.०५ चा ३६ वा घात. देणे होते ५७ हजार ९१८! कागद तोच, अंगठा तोच, फरक घातांकाचा. परवान्याशिवाय सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने गुन्हा आहे. परंतु आपण लुबाडले गेलो हे ज्याला कळलेच नाही, तो फिर्याद कशाची देणार?

गेवराई तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास कोयते कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल आधीच अंगावर असते. पोरेही आईबापाबरोबर फडात जातात आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. बालभारतीच्या पुस्तकात सातवीला घातांक येतो, आठवीला घनमूळ, नववीला करणी. एक पायरी निखळली की पुढची चढता येत नाही. मग शाळेत शेरा मिळतो, ‘याचे डोके गणितात चालत नाही.’ डोके चालते हो! पायरीच काढून घेतली आहे.

एल्फिन्स्टन हायस्कुलात बाल भीमरावांना गुरुजींनी उदाहरण सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागचे आपले डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुले ते उचलायला धावली. चरित्रकार धनंजय कीर यांनी हा प्रसंग नोंदवला आहे. त्याच भीमरावांनी पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. आज डबे कोणी उचलत नाही. आज पोरालाच फळ्यापासून उचलून फडात नेले जाते.

आणि प्रश्न केवळ सावकाराचा नाही. एक लाख कोटी म्हणजे १० चा १२ वा घात, एकावर बारा शून्ये. अनुसूचित जातींच्या वाट्याचा निधी किती आला, किती वळवला, हे सरकारी आकड्यांतून शोधायचे तर शून्ये मोजता आली पाहिजेत. ज्याला ती मोजता येत नाहीत, त्याच्या हक्काचे एक शून्य कधी गळाले हे त्याला समजतही नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. संविधानाच्या २१-क कलमाने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आहे. तेव्हा हंगामी वसतिगृहे गाड्या निघण्यापूर्वी उघडली पाहिजेत, गाड्या गेल्यावर नव्हे. पण सरकारची वाट पाहत बसणे आम्हाला परवडणारे नाही. समाजातील शिकलेल्या तरुणांनी दर रविवारी वंदनेनंतर विहारात एक तास गणिताचा घ्यावा. पहिले उदाहरण पुस्तकातले नको, घरातल्या उचलीचे घ्यावे. ज्या दिवशी सातवीतले पोर बापाच्या कर्जाचा घात स्वतः मांडील, त्या दिवशी मुकादमाला आपली वही उघडून दाखवावी लागेल.

जयभीम!