मळणीनंतरचे दोन दिवस

धानाची मळणी आटोपली, पोती घरात आली, की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या घरांना थोडी सवड मिळते. म्हातारी माणसे पंढरपूरचे नाव काढतात आणि खर्चाचा आकडा ऐकून गप्प बसतात. त्यांना म्हणावे, यंदा आपलाच मुलूख पाहू. दोन-तीन घरे मिळून एक जीप ठरवा, भाकरी-चटणी बांधून घ्या आणि निघा.

आधी बल्लारपूर. वर्धेच्या काठचा तो किल्ला गोंड राजांचा. तेथून राजधानी चंद्रपूरला आली, तिची गोष्ट मुलांना जरूर सांगा. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गाठी होत्या. झरपटीकाठच्या झऱ्याच्या पाण्याने त्या गेल्या. तेथेच एका सशाला कुत्र्याचा पाठलाग करताना राजाने पाहिले, आणि राणीच्या सल्ल्याने त्या वाटेवर तट उभा राहिला, असे सांगतात. गोष्ट खरी की खोटी, तट मात्र खराच आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर असे त्याचे चार दरवाजे. झाडाझुडपांत बुडालेला हा तट 2017 पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी श्रमदानाने साफ केला. नाही तर आपण गावोगाव जुन्या गढीचे दगड गोठ्याच्या भिंतीला लावणारी माणसे!

राजवाडा कोठे, असे मुले विचारतील. त्या जागी आता तुरुंग आहे. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना त्याच तुरुंगापाशी 21 ऑक्टोबर 1858 रोजी फाशी दिले. बाहेर उभे राहून एवढे सांगितले तरी पुरे.

अंचलेश्वराजवळ राजा बीरशहाची समाधी आहे. ती राणी हिराईने बांधविली. पतीमागे तिने राज्यही चालविले. घरातल्या मुलींना हे आवर्जून दाखवा. महाकालीचे दर्शन घ्या, पण चैत्र पौर्णिमेची यात्रा सोडून. तेव्हा मराठवाड्यातून लोटलेल्या गर्दीत लेकरे सांभाळणे कठीण.

दुसऱ्या दिवशी पहाटे मूल, गडचिरोलीवरून चामोर्शी आणि तेथून मार्कंडा. दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा येथे उत्तरेला वळते. काठावरची देवळे सुमारे हजार वर्षांपूर्वीची. कनिंगहॅम या इंग्रज अधिकाऱ्याने 1873-74 च्या सुमारास त्यांची वाखाणणी करून ठेवली, आणि आपण मात्र महाशिवरात्रीला नारळ फोडून परततो. या खेपेला भिंतीवरच्या मूर्ती निवांत पाहा. दुपारी रेती तापते, म्हाताऱ्यांना अनवाणी नेऊ नका. अंधारापूर्वी जंगलाचा रस्ता पार करा, वाटेत कोणाला पायउतार होऊ देऊ नका. वाघाचे भय आहेच.

राहिला प्रश्न गुराढोरांचा. दर वेळी घर राखायला सूनच मागे राहते. लग्नाला दहा वर्षे झाली तरी जिने मार्कंडा पाहिला नाही अशा कितीतरी आहेत. यंदा तिला जीपमध्ये बसवा. दोन दिवस बैलांना चारा-पाणी घरच्या कर्त्या पुरुषाने घालावे, दूधही त्यानेच काढावे.