गुडघा सांधला, मनाचे काय?

भातकापणी उरकून शेते मोकळी झाली की गोव्याच्या गावोगावी फुटबॉलला उधाण येते, आणि गुडघ्याला पट्टा बांधून कडेला बसलेल्या एखाद्या तरुणाला जो तो विचारू लागतो, "काय रे, कधी उतरणार मैदानात?" हा प्रश्न आपुलकीचा असतो, यात शंका नाही. परंतु गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर या 'कधी'चे उत्तर केवळ दिनदर्शिकेत शोधण्याची आपली सवय अनेक उमलत्या खेळाडूंना महाग पडते, हे स्पष्टपणे सांगण्याची वेळ आली आहे.

मांडीचे आणि नडगीचे हाड एकत्र बांधून ठेवणारे दोन अस्थिबंध गुडघ्याच्या आत फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. त्यांतील पुढच्या बंधाला डॉक्टर 'एसीएल' म्हणतात. कोणाचाही धक्का लागलेला नसताना, धावता धावता एकाएकी वळल्याने किंवा उडीनंतर पाय वेडावाकडा टेकल्यानेच तो बहुतेक वेळा तुटतो. मुलींमध्ये हा धोका मुलांपेक्षा अधिक असतो. अशा वेळी शल्यविशारद खेळाडूच्याच मांडीमागील किंवा वाटीखालील कंडरेचा भाग काढून तुटलेल्या बंधाच्या जागी बसवतात. हे एक प्रकारचे कलमच होय. कोवळ्या आंबाकलमाला आलेला पहिला मोहोर जाणता बागाईतदार खुडून टाकतो. झाड अंगाने भरल्याशिवाय तो फळाची आशा धरत नाही. गुडघ्यातील कलमालाही असाच अवधी द्यावा लागतो. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ते उलट दुबळे होते. मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि पुढे अनेक महिन्यांनी ते अस्थिबंधाचे काम करण्याजोगे बळकट होते. सूज उतरते, वेदना थांबते, तेव्हा ते कच्चेच असते. फसगत होते ती इथे.

ही केवळ सावधगिरीची भाषा नव्हे. 'डेलावेअर-ऑस्लो' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने होईपर्यंत पुनरागमन जितके महिने लांबले, तितक्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका एकत्रित पाहणीनुसार, पंचविशीच्या आत मैदानावर परतलेल्या खेळाडूंपैकी सुमारे २३ टक्क्यांना त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्यात पुन्हा तीच इजा झाली. म्हणजे नऊ महिने ही किमान मर्यादा झाली. त्यानंतरही शस्त्रक्रिया झालेल्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के भरली आहे काय, एका पायावर उड्या मारताना तोल राहतो काय, हे मोजून पाहावे लागते.

एवढे सारे जुळून आले तरी एक परीक्षा उरतेच. ती मनाची. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार, या शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के लोक कोणता ना कोणता खेळ पुन्हा खेळू लागले. पूर्वीच्या पातळीवर पोहोचले ते ६५ टक्के, आणि स्पर्धात्मक खेळात परतले ते अवघे ५५ टक्के. मागे राहिलेल्या सर्वांचेच गुडघे अधू होते असे नव्हे. पुन्हा तसेच होईल ही धास्ती अनेकांच्या पायांत बेडीसारखी अडकली होती. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली बारा प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली, तीच मुळी ही धास्ती आणि आत्मविश्वास पारखण्यासाठी. आपल्याकडे मात्र असा खेळाडू बिचकला की त्याला भित्रा ठरवून मोकळे होतात. त्याने जिवाच्या कराराने झोकून द्यावे असे वाटत असेल, तर त्याचा आपल्या पायावरचा विश्वास आधी परत यायला हवा. टोमण्यांनी तो येत नसतो.

नेदरलँड्सचा कर्णधार व्हर्जिल व्हॅन डाइक ऑक्टोबर २०२० मध्ये जायबंदी झाला. पुढच्या उन्हाळ्यात युरोपीय स्पर्धा होती, देश वाट पाहत होता; तरीही त्याने आपण येणार नाही असे जाहीर केले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तो लिव्हरपूलकडून पुन्हा लीगच्या मैदानात उतरला. आपला संदेश झिंगन ऑक्टोबर २०१९ मध्ये जखमी झाला. पुढे महामारीने मैदानेच बंद पाडली. नोव्हेंबर २०२० मध्ये, बांबोळीच्या मैदानावर, तो परतला तेव्हा वर्षाहून अधिक काळ लोटला होता. त्याच हंगामासाठी तो भारताचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. थांबल्याने त्याचे काही बिघडले नाही.

परंतु नामवंतांच्या दिमतीला डॉक्टर आणि व्यायामोपचारतज्ज्ञ असतात. गावच्या क्लबातील एकोणीस वर्षांच्या मुलाला शस्त्रक्रियेपुरते पैसे कसेबसे जमतात. पुढचे नऊ महिने तो एकटाच असतो, आणि स्पर्धा तोंडावर आली की क्लबाला त्याची आठवण होते. क्लबांनी, शाळांनी आणि क्रीडासंस्थांनी यापुढे तीन गोष्टी कटाक्षाने कराव्यात : शस्त्रक्रियेइतकाच पुढील व्यायामोपचारांचाही खर्च उचलावा, परतण्याचा निर्णय प्रशिक्षक वा चाहत्यांवर न सोपवता खेळाडूने तज्ज्ञांच्या सल्ल्याने घ्यावा, आणि तोवर त्याची संघातील जागा सुरक्षित आहे, याची त्याला हमी द्यावी. जागा गमावण्याचे भय गेले, तर अर्धी घाई तिथेच संपेल. चषक दरवर्षी येतात. गुडघे मात्र माणसाला दोनच मिळतात आणि ते जन्मभर पुरवायचे असतात.