आधी अक्षर, मग नक्षी

वेब डिझाइन शिकणारी मुलं रंग, चित्रं आणि मेनू यांतच रमतात. मला वाटतं, पहिला धडा अक्षराचा हवा. १९९०च्या दशकात मराठी पानं 'शिवाजी'सारख्या फॉन्टांत असत. तो फॉन्ट आपल्या संगणकावर नसला, की 'रत्नागिरी'च्या जागी नुसता रोमन अक्षरांचा गोंधळ दिसे. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो. 'अ' म्हणजे ०९०५, मग फॉन्ट कुठलाही असो.

दुसरा धडा जपणुकीचा. याहूने २००९ साली जिओसिटीज बंद केलं आणि कित्येकांनी हौसेने केलेली पानं गेली.

म्हणून बाळांनो, मजकूर युनिकोडमध्ये लिहा आणि एक प्रत घरी ठेवा. पानाभोवतीची नक्षी पुन्हा काढता येते. हरवलेला निबंध पुन्हा तसाच उतरत नाही.