तेलाचे बूच, लोहचुंबक आणि सुट्या भागांची किंमत

ज्या गावी एकेकाळी ट्रॅक्टर अपूर्वाईने पाहिला जाई, त्या गावी आज पाचपंचवीस ट्रॅक्टर असणे नवलाचे राहिलेले नाही. परंतु यंत्राबरोबर यंत्राचे ज्ञानही घरी आले, असे मात्र म्हणता येत नाही. तेल बदलण्याची वेळ आली की ट्रॅक्टर तालुक्याच्या गावी विक्रेत्याकडे न्यावा, तो सांगेल ती रक्कम मोजावी आणि परत यावे, एवढाच व्यवहार पुष्कळ शेतकऱ्यांस ठाऊक असतो. बिलात तेल, फिल्टर, बूच, वायसर व मजुरी यांचे आकडे एकाखाली एक मांडलेले असतात. त्यांतील रास्त कोणता व अवास्तव कोणता, हे पारखण्याचे साधन शेतकऱ्याच्या हाती नसते. ते साधन त्याच्या हाती देणे हे विस्तार कार्याचेच एक अंग मानले पाहिजे.

इंजिनाच्या तळाशी तेलाचे चेंबर असते व त्याच्या बुडाला तेल निचरून काढण्याचे बूच असते. या बुचाच्या आतील टोकास लोहचुंबक बसविला म्हणजे तेलात तरंगणारे लोखंडाचे कण त्याला चिकटून राहतात. नवीन इंजिनाचे भाग पहिल्या काही तासांत एकमेकांवर घासून बसतात, त्यामुळे त्या काळात असा चुरा अधिक निघतो. बहुतेक उत्पादक पहिले तेल 50 तासांच्या सुमारास बदलावयास सांगतात ते याच कारणाने. पुढे साधारणतः 250 तासांनी तेल बदलावयाचे असते. तथापि ज्या त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील आकडा हाच प्रमाण समजावा.

या चुंबकाचा खरा उपयोग चुरा अडविण्यापेक्षा चुरा दाखविण्यात आहे. वैद्याने नाडी पाहावी तसे बूच पाहावे. ते पांढऱ्या कागदावर पुसले असता काळसर राखाडी, बोटांत चुरल्यावर खरखर न लागणारा लेप दिसला तर काळजीचे कारण नाही. ती नित्याची झीज होय. परंतु चकाकणारे पापुद्रे, सुईसारखे तुकडे किंवा दात्याचा कपचा सापडला, तर ट्रॅक्टर तसाच नांगराला जुंपणे म्हणजे पेरणीच्या ऐन घाईत इंजिन उघडण्याची पाळी ओढवून घेणे आहे. गिअर पेटीत व मागील आसाच्या तेलात तर हे बूच विशेष उपयोगी ठरते. तेथे दातेरी चक्रे पोलादी असतात आणि तेलही दीर्घकाळ तेच राहते. काही ट्रॅक्टरांत असे बूच कारखान्यातूनच बसवून येते व मालकाला त्याची वार्ताही नसते!

मात्र चुंबक सर्व काही करतो असे सांगणाऱ्या दुकानदारावर विश्वास ठेवू नये. ॲल्युमिनियमचा पिस्टन, तांब्याची बुशे व बेअरिंगांवरील मऊ धातू यांची झीज चुंबकाला चिकटत नाही. धूळही चिकटत नाही. आणि कोरड्या ढेकळांत रोटाव्हेटर चालविणाऱ्या ट्रॅक्टरचा मोठा शत्रू धूळच होय. हवा गाळणीकडे दुर्लक्ष करून चुंबकी बूच बसविणे म्हणजे दार उघडे टाकून खिडकीला कडी लावण्यासारखे आहे. शिवाय चुंबकाला उष्णतेची मर्यादा असते. निओडिमियमचा साधा चुंबक सुमारे 80 अंश सेल्सिअसच्या पुढे आपली शक्ती गमावू लागतो, आणि राबत्या इंजिनातील तेल त्याहून अधिक तापते. म्हणून उष्णता सोसणारा व बुचात पक्का जखडलेला चुंबकच घ्यावा. नुसता चिकटवलेला चुंबक सुटून चेंबरात पडला तर औषधच रोग होऊन बसेल. बुचाचे आटे तंतोतंत जुळतात की नाही हे आधी हाताने फिरवून पाहावे. आटे गेले तर चेंबरच बदलण्याची वेळ येते.

आता किमतीचा प्रश्न. बूच व वायसर या वस्तू म्हणजे लोखंड व तांबे यांचे साधे घडीव तुकडे. त्यांवर कंपनीचे नाव असलेली पिशवी चढली की किंमत कित्येक पट होते, आणि चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला असा प्रकार होतो. मोजमाप व आटे जुळणारे बूच बाजारातून घेण्यास हरकत नाही. फिल्टराच्या बाबतीत मात्र हा नियम लावू नये. स्वस्त फिल्टराचा कागद फाटला किंवा त्यातील झडप निकामी असली, तर वाचलेल्या पैशांच्या अनेकपट खर्च इंजिनावर करावा लागेल. काटकसर बुचावर करावी, फिल्टरावर नव्हे.

वेष्टनातील वस्तूवर उत्पादकाचे नाव व सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे 2011 च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. छापील किंमत ही वरची मर्यादा आहे. तेवढी दिलीच पाहिजे असे नाही. तीहून अधिक मागितल्यास वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे तक्रार करता येते, पण त्यासाठी पक्के बिल हवे. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरील व त्याच्या कित्येक सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलातील कराचा रकानाही वाचावा.

‘बाहेरचा भाग लावला तर हमी रद्द’ ही धमकी सर्वत्र ऐकू येते. मोटारगाड्यांच्या संबंधात भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 साली 14 कंपन्यांना दंड केला, तो सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देण्याबद्दल. स्वतंत्र मिस्तरीकडे गाडी नेली एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. पुढे अपिले झाली आणि तो निर्णय ट्रॅक्टरांबद्दल नव्हता, हे खरे. तरीही हमीचे कोणते कलम मोडते ते विक्रेत्याने लेखी द्यावे, असे म्हणण्यास शेतकऱ्याने कचरू नये. हमीची मुदत चालू असेतो तेल व फिल्टर पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच वापरावे आणि बिले जपून ठेवावी. भांडणाच्या वेळी तीच उपयोगी पडतात.

ग्रामसेवकांनी या कामी एक गोष्ट करण्याजोगी आहे. गावातील ट्रॅक्टरांच्या फिल्टरांचे क्रमांक एका वहीत उतरून सेवा सोसायटी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत एकत्र खरेदी करावी. दहा फिल्टर एकदम मागणाऱ्यास विक्रेता सूट देतो. एकट्यास देत नाही. त्याच वहीत प्रत्येक ट्रॅक्टरचे तास, तेल बदलल्याची तारीख आणि बुचावर काय आढळले याची नोंद राहिली, तर पुढील वेळी तुलना करता येईल. निचरून काढलेले जुने तेल बांधावर किंवा ओढ्यात ओतण्याची सवय मात्र मोडली पाहिजे. कायद्याने तो घातक कचरा ठरतो व तो झिरपून विहिरीच्या पाण्यात उतरू शकतो. गावाचे सर्व तेल एका झाकणाच्या पिंपात जमवून पुनर्शुद्धीची परवानगी असलेल्या कारखान्याच्या माणसास द्यावे, आणि त्याची पावती त्याच वहीत डकवावी.